पाचारण

मराठी ख्रिस्ती घरांत काही शब्द असे आहेत की बाहेरच्या माणसाला ते पोशाखी वाटावेत. ‘पाचारण’ हा त्यांतला एक. बखरींतून राजे सरदारांना पाचारण करीत. हल्ली वर्तमानपत्रांतून राखीव पोलीस दलाला नाहीतर अग्निशामक दलाला पाचारण केले जाते. आमच्याकडे मात्र देव माणसाला पाचारण करतो. एखादा तरुण चांगली नोकरी सोडून पाळक व्हायला निघाला की ‘त्याला पाचारण झालं’ एवढे म्हणायचे, आणि मग वाद संपला. त्या शब्दाच्या पाठोपाठ बहुतेक वेळा दुसरा शब्द येतो, आनंद. देवाने बोलावले, मी ‘ओ’ दिली आणि मला आनंद मिळाला, अशी साक्ष मी लहानपणापासून इतक्या वेळा ऐकली आहे की त्या दोन शब्दांच्या मध्ये काही असू शकेल हे पुष्कळ वर्षे माझ्या ध्यानातच आले नाही.

माझ्या वडिलांना असे पाचारण झाले होते. सरकारी खात्यातली कारकुनी सोडून ते पाळक झाले आणि खानापूर-निपाणीच्या बाजूच्या लहान लहान मंडळ्यांत त्यांनी हयात घालवली. सकाळची उपासना मराठीत, दुपारची कानडीत. दोन्ही भाषांत ते सारखेच बोलत आणि दोन्ही भाषांत सारख्याच चुका करीत. पगार तुटपुंजा आणि तो महिन्याच्या महिन्याला येईलच याची खात्री नसे. वडील मात्र आनंदी माणूस होते. हे मी उपहासाने लिहीत नाही. रात्री नऊ वाजता सायकलवरून भिजून येणाऱ्या माणसाच्या चेहऱ्यावर तो आनंद मी पाहिला आहे.

पण मी चौथीत असताना आईच्या हातातल्या दोन पाटल्या गेल्या आणि पुन्हा आल्या नाहीत. त्या कुठे गेल्या हे आम्हा मुलांना कुणी सांगितले नाही, पण घरातली चणचण आम्हाला दिसत होती, त्यामुळे आम्ही आमच्यापुरता अर्थ लावून ठेवला. पुढे एकदा, मी कॉलेजात असताना, पाहुण्यांपैकी कुणीतरी वडिलांच्या पाचारणाची गोष्ट मोठ्या भक्तिभावाने सांगत होते. आई आत भाकरी थापत होती. ती माझ्याकडे न बघताच म्हणाली, “ह्यांना देवानं बोलावलं. मला कुणी विचारलं?”

पुढे तीस वर्षे हायस्कुलात मराठी शिकवताना ते वाक्य माझ्या डोक्यात राहिले. मराठी ख्रिस्ती माणसांचा जो काही इतिहास हाती लागला तो मी त्या वाक्याच्या उजेडात वाचला, म्हणून या लेखाला थोडा एकांगीपणा आला असेल. तो वाचकांनी सांभाळून घ्यावा.

सुरुवात आमच्या गावापासूनच करते. लंडन मिशनने बेळगावात काम सुरू केले ते १८२० साली, म्हणजे पेशवाई बुडाल्यानंतर दोनच वर्षांनी. त्यानंतर अकरा वर्षांनी, १८३१ मध्ये, याच गावात कासार जातीच्या एका घरात बाबा पदमनजींचा जन्म झाला. मराठी कादंबरीच्या इतिहासाची पहिली ओळ ज्यांच्या नावाने लिहिली जाते तो लेखक बेळगावचा, हे आमच्याकडच्या पुष्कळांना ठाऊक नसते. ठाऊक असले तरी अभिमानाने सांगितले जात नाही. ख्रिस्ती झालेला माणूस गावाच्या हिशेबात कुठे मांडायचा, हा संकोच असावा.

पदमनजी आधी बेळगावच्या मिशन शाळेत शिकले, मग मुंबईला गेले. तिथे त्या काळच्या सुधारकांची गुप्त परमहंस सभा होती, जातिभेद मोडू पाहणाऱ्यांची, तिचे ते सभासद झाले. एकीकडे ही सभा, दुसरीकडे मिशनऱ्यांचे शिक्षण, तिसरीकडे घरचे कुळधर्म, अशा तिहेरी ओढाताणीत त्यांची काही वर्षे गेली. मनाने कौल दिल्यावरही पाऊल उचलायला त्यांना बराच काळ लागला. १८५४ मध्ये, तेवीस वर्षांचे असताना, बेळगावातच त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुढे १८८८ साली ही सगळी हकीकत त्यांनी पुस्तकरूपाने लिहिली आणि तिला नाव दिले ‘अरुणोदय’. मराठीतल्या आरंभीच्या आत्मचरित्रांत त्याची गणना होते. नावातच सगळे आले आहे. पदमनजींचे पाचारण म्हणजे वीज चमकणे नव्हे. पूर्वेला आधी काळोख थोडा विरळ होतो, मग झाडांचे आकार दिसू लागतात, आणि उजाडले कधी ते नेमके सांगता येत नाही, तसा तो प्रकार.

मोकळेपणाने सांगायचे तर ‘अरुणोदय’मध्ये मला आनंद फार सापडला नाही. तिथे विचार आहे, वाद आहे, पुरावे आहेत, मनाची काटेकोर तपासणी आहे. पदमनजींचा आनंद एखाद्या सचोटीच्या व्यापाऱ्याने वर्षअखेरीस हिशेब जुळल्यावर वही मिटावी, तसा आहे. पण बाप्तिस्म्यानंतर तीनच वर्षांनी, १८५७ मध्ये, त्यांनी ‘यमुनापर्यटन’ लिहिले, आणि ते कशावर? हिंदुस्थानातल्या विधवांच्या स्थितीवर. ज्या बायकांना आयुष्यात कुणी कधीच काही विचारले नव्हते त्यांच्याकडे हा माणूस वळला. ग्रंथ म्हणून त्यात पुष्कळ कच्चे आहे. प्रचार तर उघडच आहे. तरीही मला वाटते, की पदमनजींच्या पाचारणाची खरी साक्ष ‘अरुणोदया’पेक्षा या पुस्तकात आहे. १९०६ साली ते मुंबईत वारले तेव्हा त्यांच्या नावावर शंभराच्या आसपास लहानमोठी पुस्तके होती.

गोव्याकडच्या वाचकांना इथे फादर स्टीफन्सची आठवण होईल. तो मूळचा इंग्रज, १५७९ साली गोव्यात आला आणि आयुष्याची चाळीस वर्षे तिथेच घालवून तिथेच वारला. त्याचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली रायतूरला छापले गेले. दहा हजारांहून अधिक ओव्या, भाषा मराठी, लिपी मात्र रोमन. आपली भाषा सोडून ज्यांच्याकडे आलो त्यांच्या भाषेत आनंद शोधायचा, हेही एक पाचारणच. पुढे १६८४ साली पोर्तुगीज व्हाइसरॉयने तीन वर्षांत स्थानिक भाषा बंद करण्याचा हुकूम काढला. हुकूम कागदावर राहिला आणि भाषा लोकांच्या तोंडी राहिली. दोन भाषांच्या मध्ये राहणाऱ्या आपल्यासारख्यांना या गोष्टीचे नवल वाटायला नको. असो, तो वेगळ्या लेखाचा विषय आहे.

माझ्या आईच्या प्रश्नाला जे घर थेट भिडते ते टिळकांचे.

नारायण वामन टिळक म्हटले की शाळेतल्या पुस्तकातली कविता आठवते. फुलामुलांचे कवी, अशी त्यांची ओळख मी स्वतः फळ्यावर लिहून दिली आहे. आमच्या ख्रिस्ती घरांत मात्र टिळक आधी भेटतात ते उपासनेत, पेटीच्या सुरावर. लहानपणी ज्यांची भजने तोंडपाठ होती तेच हे पाठ्यपुस्तकातले टिळक, हे मला सातवीत कळले आणि वर्गात उगीचच मान ताठ झाली होती.

टिळकांचा जन्म १८६१ साली रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचा. संस्कृतचे उत्तम ज्ञान, वक्तृत्व, कविता, आणि पायाला भिंगरी. एका गावात, एका नोकरीत हा माणूस टिकत नसे. हाती पैसा आला की घरी पोचेपर्यंत तो कुणा गरजूच्या हाती गेलेला असे. धर्माविषयी त्यांचे मन आधीपासूनच अस्वस्थ होते. सगळ्यांचा बाप एक आणि सगळी माणसे भावंडे, असे मानणारा एखादा धर्म असावा, असे त्यांच्या मनाने घेतले होते. १८९३ साली नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीच्या डब्यात एक युरोपियन गृहस्थ भेटला. बोलणे कवितेवरून धर्मावर गेले. उतरताना त्याने टिळकांना नव्या कराराची प्रत दिली आणि म्हणाला, की तुम्ही हे वाचा, दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल. 

अनोळखी माणसाने असे भविष्य सांगितले तर दुसरा कुणी पुस्तक खिडकीतून फेकून देता. टिळकांनी ते वाचले. मत्तयाच्या पाचव्या अध्यायापाशी, डोंगरावरच्या प्रवचनापाशी ते आले आणि तिथेच अडकले. पुढची दोन वर्षे वाचन, पत्रव्यवहार आणि मनातली घालमेल यांत गेली. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. आडनाव बदलले नाही, नाव बदलले नाही, देशावरचे प्रेम तर उलट वाढले. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी आलो, असे ते पुढे सांगत. आमच्या उपासनांत अभंग, भजन आणि कीर्तन यांना जी प्रतिष्ठा मिळाली तिच्यात टिळकांचा वाटा मोठा. परक्या चालींवर बसवलेली भाषांतरित गीते गाणाऱ्या मंडळ्यांना त्यांनी आपल्याच अंगणातला आनंद पुन्हा दाखवला. ‘अभंगांजली’ वाचताना हे पानोपानी जाणवते.

इतके सगळे आपण कौतुकाने सांगतो. १० फेब्रुवारीला मुंबईत बाप्तिस्मा झाला, हे चरित्रांत एका ओळीत येते. त्या ओळीच्या पलीकडे, माहेरच्या माणसांत, सव्वीस वर्षांची एक बाई होती आणि तिच्यापाशी चार वर्षांचा दत्तू होता.

लक्ष्मीबाई नाशिकजवळच्या जलालपूरच्या गोखल्यांची मुलगी, माहेरचे नाव मनकर्णिका. १८५७ च्या धामधुमीत त्यांचे आजोबा फाशी गेले आणि त्या धक्क्याने वडिलांना सोवळ्याचे वेड लागले. बाजारातून आलेले धान्य तर धुवायचेच, पण मीठदेखील धुऊन घ्यायचे, असा तो प्रकार. अशा घरातून आलेली मुलगी, अकराव्या वर्षी लग्न झालेली, शाळेत न गेलेली. नवरा ख्रिस्ती झाला, याचा अर्थ तिच्यापुरता एवढाच होता की तिचे जग एका दिवसात बुडाले. विधवा म्हणावे तर नवरा जिवंत, सवाष्ण म्हणावे तर संसार नाही. जीव द्यावा असे तिच्या मनात येऊन गेले. पुढे बहिणीच्या आधाराने ती पंढरपुरास राहिली. मला हे चित्र विलक्षण वाटते. तिकडे नगरला टिळक तुकोबांचा हात धरून ख्रिस्ताची भजने रचताहेत आणि इकडे त्यांची बायको विठोबाच्या गावात नवऱ्याच्या नावाने डोळे पुसते आहे. ही ताटातूट चार वर्षांहून अधिक चालली.

त्या काळी कायद्याने टिळकांना एक वाट मोकळी होती. १८६६ सालच्या कायद्याप्रमाणे, ख्रिस्ती झालेल्या माणसाबरोबर राहायला त्याच्या बायकोने धर्माच्या कारणावरून नकार दिला, तर कोर्टात अर्ज करून आणि ठरलेली मुदत थांबून लग्न रद्द करून घेता येत असे. टिळकांनी त्या वाटेकडे पाहिले नाही. ते पत्रे लिहीत राहिले, वाट पाहत राहिले. एरवी आठ दिवस एका जागी न टिकणारा हा माणूस चार वर्षे या एका बाबतीत जागचा हलला नाही. त्यांच्या चरित्रातला हा भाग मला आगगाडीच्या प्रसंगापेक्षाही मोठा वाटतो. तरी त्यांना पूर्ण माफी द्यायला माझे मन तयार होत नाही. आधी विचारले असते तर? पण आधी विचारले असते तर ती ‘नको’च म्हणाली असती, आणि मग त्यांचे काय झाले असते? या प्रश्नाला मला आजवर सरळ उत्तर सापडलेले नाही.

पुन्हा एकत्र राहू लागल्यावर लक्ष्मीबाईंचे सोवळे, वेगळी चूल, वेगळे पाणी, सगळे टिळकांनी चालू दिले. ख्रिस्ती प्रचारकाच्या घरात त्याच्या स्पर्शाचा विटाळ मानणारी त्याची बायको! शेजारच्या ख्रिस्ती मंडळींनी काय म्हटले असेल ते म्हटले असेल. टिळकांनी वाद घालून तिला हरवले नाही. ती स्वतःच विचार करू लागली. जात देवाने केली की माणसाने? पशुपक्ष्यांच्या जाती डोळ्यांना दिसतात, माणसांच्या का दिसत नाहीत? अशा अगदी घरगुती विचारांनी ती एका रात्री सोवळ्याच्या पलीकडे गेली आणि कुणाच्याही हातचे खायचे असे ठरवून मोकळी झाली. लक्षात घ्या, सोवळे आधी सुटले. ख्रिस्त त्यानंतर आला. १९०० साली राहुरीस तिने बाप्तिस्मा घेतला.

नवऱ्याच्या पाठोपाठ गेली, असेच आपण म्हणतो. ‘स्मृतिचित्रे’चे इंग्रजी भाषांतर १९५० साली निघाले त्याचे नावही ‘आय फॉलो आफ्टर’. पौलाच्या फिलिप्पैकरांस पत्राच्या जुन्या इंग्रजी भाषांतरात हे शब्द आहेत, तेव्हा कदाचित रोख तिकडे असेल. पण वाचणाऱ्याला अर्थ लागतो तो पतीमागून चालण्याचाच. मला ते नाव पटत नाही. टिळक ज्या वाटेने गेले ती पुस्तकांची, पत्रव्यवहाराची, तत्त्वचिंतनाची वाट होती. लक्ष्मीबाई गेल्या ती चुलीपासून निघालेली वाट. दोघे एका ठिकाणी पोचले म्हणून वाट एक होत नाही.

जाता जाता पंडिता रमाबाईंचा विचार मनात येतो. त्यांना मागे राहून रडणारे कुणी नव्हते असे आपण समजतो, कारण पती बिपिनबिहारी मेधावी १८८२ सालीच वारले होते. १८८३ मध्ये इंग्लंडात वाँटेज येथे रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा त्यांच्याबरोबर मनोरमेचाही झाला. ती अडीच वर्षांची. तिला कोण विचारणार? पण ही मनोरमा मोठी होऊन आईच्या केडगावच्या कामाचा उजवा हात झाली, आणि तेव्हाच्या निजामी राज्यात गुलबर्ग्यास तिने शाळाही चालवली. १९२१ साली ती गेली आणि पुढच्या वर्षी रमाबाई गेल्या. न विचारता मिळालेले पाचारण एखाद्या माणसाने स्वतःचे करून टाकावे, त्याचे हे दुसरे उदाहरण. मनोरमेने आपली ‘स्मृतिचित्रे’ लिहिली असती तर किती बरे झाले असते.

लक्ष्मीबाईंनी ती लिहिली, हे आपले भाग्य. १९३४ ते १९३६ या काळात ‘स्मृतिचित्रे’चे चार भाग निघाले, शेवटचा त्यांच्या मृत्यूनंतर. मराठीच्या शिक्षकांनी या पुस्तकाबद्दल इतके बोलून ठेवले आहे की मी नवे काय सांगणार? पण ख्रिस्ती माणूस म्हणून एक गोष्ट सांगावीशी वाटते. आमच्यातली साक्षीची पुस्तके मी ढिगाने वाचली आहेत. त्यांत ‘आनंद’ हा शब्द पानागणिक असतो आणि हसू मात्र एकदाही येत नाही. ‘स्मृतिचित्रे’त तो शब्द शोधावा लागेल, पण पुस्तक वाचताना माणूस एकटाच मोठ्याने हसतो. वडिलांच्या सोवळ्याची ती चेष्टा करते, टिळकांच्या रागाची आणि उधळेपणाची करते, आणि सर्वांत जास्त स्वतःच्या अज्ञानाची. त्या चेष्टेत कुणावर डूख नाही. जिला एवढे सोसावे लागले तिच्या लिहिण्यात हिशेब चुकता करण्याची भाषा नाही, हे कसे जमले असेल? पौलाने फिलिप्पैकरांना आनंदाविषयी पुन्हा पुन्हा लिहिले ते तुरुंगातून, हे मी रविवारच्या शाळेत मुलांना शिकवत असे. ते नीट उमजले ते लक्ष्मीबाई वाचल्यावर.

हा आनंद त्यांच्या घरात भिंतींसकट भरलेला होता असे दिसते. नगरच्या त्या घरात कोण कोण येऊन राहिले! १९०७ साली जळगावच्या कविसंमेलनात ज्याला ‘बालकवी’ ही पदवी मिळाली तो त्र्यंबक बापूजी ठोमरे टिळकांच्या घरचाच मुलगा होऊन राहिला होता. त्याचे हट्ट, रुसवे, रागावणे, समजूत काढणे हे सगळे लक्ष्मीबाईंनी सोसले आणि मायेने लिहून ठेवले. तो धर्माने ख्रिस्ती झाला नाही, त्याला कुणी करू पाहिले नाही. १९१८ साली भादली स्टेशनावर आगगाडीखाली सापडून तो गेला. ज्या घराचे भाग्य एका आगगाडीने बदलले त्याच घरावर दुसऱ्या आगगाडीने हा घाव घातला.

टिळकांना मात्र स्वस्थता नव्हतीच. १९०४ साली ते रीतसर पाळक झाले, ‘ज्ञानोदया’त लिहीत होते, मान होता. पण मिशनच्या पगारावर राहून आपण आपल्याच लोकांना परके झालो, हे त्यांना खुपत होते. १९१७ मध्ये त्यांनी मिशनचा पगार सोडला आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ उभारायला घेतला. बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले, दोघांनाही तिथे जागा होती. वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी आलेले हे दुसरे पाचारण. दरबार म्हटला की पाचारण आलेच, टिळकांना ही जुनी भाषा बरोबर ठाऊक होती. पुन्हा मिळकत गेली, पुन्हा घर हलले. पण या वेळी ताटातूट झाली नाही. दोन वर्षेही पुरी झाली नाहीत तोच, ९ मे १९१९ रोजी, टिळक मुंबईत वारले. दरबार त्यांच्यामागे टिकला नाही.

त्यांच्यामागे एक काम अर्धवट राहिले होते. येशूचे चरित्र ओवीबद्ध करावे म्हणून त्यांनी ‘ख्रिस्तायन’ आरंभले होते आणि दहा-अकरा अध्यायांवर ते थांबले होते. ते पुढे लक्ष्मीबाईंनी लिहायला घेतले. नवऱ्याने ज्या बाईला अक्षरओळख करून दिली होती, जी शाळेत कधी गेली नव्हती, तिने त्यात चौसष्ट अध्यायांची भर घातली. पुस्तक निघाले १९३८ साली. ते पाहायला दोघेही नव्हते. पंडिती रचनेच्या कसोटीला सगळे अध्याय उतरतील असे मी म्हणणार नाही. पण दहा आणि चौसष्ट हे आकडे नुसते शेजारी ठेवून पाहिले तरी पुरे आहे. या कामासाठी तिला कुणी पाचारण केले होते, हे तिने कुठे सांगत बसल्याचे मला माहीत नाही.

वडील गेल्यावर आई माझ्याकडे राहायला आली. डोळ्यांत मोतीबिंदू, वाचता येत नसे. रात्री जेवणानंतर मी तिला ‘स्मृतिचित्रे’ वाचून दाखवू लागले. ती ऐकताना निवडायला काहीतरी घेऊन बसे, कधी गवारीच्या शेंगा, कधी नुसतेच तांदूळ, हातांना दिसत होते तेवढे. पंढरपूरच्या भागाला ती गप्प होती. टिळकांच्या हातून पैसे कसे जातात हा भाग आला तेव्हा मात्र ती हसायला लागली, ती इतकी की सूप बाजूला ठेवावे लागले.

“अगदी तुझे वडील,” ती म्हणाली.

मी धीर करून विचारले, “तुझ्या पाटल्या अशाच गेल्या ना?”

“पाटल्या?” ती म्हणाली. “त्या ह्यांनी कुठं नेल्या? मंडळीतल्या एका पोराची परीक्षेची फी भरायची होती. हे चार दिवस जेवत नव्हते नीट. तोंडानं काही बोलले नाहीत. मीच काढून दिल्या.”

“मग तू आम्हाला कधी सांगितलं नाहीस.”

“तुम्ही कुठं विचारलंत?” तिने सूप पुन्हा मांडीवर घेतले. “वाच पुढं. त्या दत्तूचं काय झालं मग?”